पिल्ले हल्ला करीत नाहीत : मॉन्स्टरच्या सामर्थ्यांचे नैतिक वाचन

एखाद्या कल्पित जीवाच्या नावापुढे 'दुष्ट' हे विशेषण छापले गेले, म्हणजे त्याला मारण्याचा प्रश्न नैतिकदृष्ट्या निकालात निघतो काय? हा प्रश्न महाकाव्यांच्या समीक्षेत जुनाच आहे. ज्या संहितांकडे समीक्षेने सहसा वळून पाहिलेले नाही, अशा एका संहितेत तो फार उघड्या स्वरूपात उभा राहतो. ही संहिता म्हणजे मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळाचा मॉन्स्टर-कोश होय.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एका साहसी पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो, तो उरलेले सर्व जग आणि त्यातील शत्रू बोलते-वागते करतो. कृतीचे यशापयश नियम आणि फासे ठरवतात. 1977 साली गायगॅक्स यांचे 'मॉन्स्टर मॅन्युअल' आले. ह्या लेखात 'मॉन्स्टर' हाच शब्द ठेवला आहे. त्याला 'राक्षस' म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण ह्या कोशात 'राक्षस' नावाची एक स्वतंत्र नोंद आहे आणि तिच्याकडे आपल्याला पुढे यावयाचे आहे.

कोशातील नोंदीचे तीन स्तर सहज वेगळे करता येतात. पहिला सामर्थ्याचा : चिलखताचा अंक, हल्ल्यांची संख्या, इजा, विशेष शक्ती. दुसरा प्रवृत्तीचा : एका अक्षावर व्यवस्था ते अराजक, दुसऱ्यावर सुष्ट ते दुष्ट, अशा नऊ घरांपैकी एक घर. तिसरा वर्णनाचा : हा जीव कसा दिसतो, कुठे राहतो, कसा वागतो. ह्या स्तरांचा परस्परसंबंध तपासताना पूर्वमीमांसेतील विधी आणि अर्थवाद हा भेद उपयोगी पडतो. विधी कर्तव्य सांगतो. अर्थवाद स्तुती वा निंदा करून त्या विधीला बळ पुरवतो, त्याला स्वतंत्र प्रामाण्य नाही. ट्रोलची जखम आपोआप भरून येते, अग्नीने वा आम्लाने झालेली मात्र येत नाही, हे वाक्य मेजावर विधीसारखे वागते. सूत्रधाराने काय करावयाचे आणि खेळाडूंनी काय शोधावयाचे, हे ते ठरवून देते. ट्रोल 'दुष्ट' आहे ह्या वाक्याने मात्र फाशाच्या हिशेबात सहसा फरक पडत नाही.

सामर्थ्य आणि दुष्टत्व यांची फारकत पाहण्यासाठी 'रस्ट मॉन्स्टर' हे उत्तम उदाहरण आहे. हा जीव हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून सुचला. त्याच्या स्पर्शाने लोखंड गंजते आणि तो गंज हेच त्याचे अन्न. तो शरीराला इजा करीत नाही. कोशात त्याची प्रवृत्ती तटस्थ आहे. तरीही चिलखत घातलेले योद्धे त्याला पाहून पळ काढतात, कारण त्यांची योद्धा म्हणून असलेली ओळखच तो खाऊन टाकतो. भय येथे पूर्णतः सामर्थ्यातून उपजते. त्याला दुष्टत्वाची गरज पडत नाही.

तर मग 'दुष्ट' हे विशेषण कोणते काम करते? निंदेचे प्रयोजन निंद्य वस्तूची निंदा हे नसून विधेयाची स्तुती हे असते, असे मीमांसक मानतात. ऑर्क ह्या जमातीची निंदा ह्या दृष्टीने वाचली, की ती साहसी पात्राची स्तुती आहे हे ध्यानात येते. 1977 च्या कोशात ऑर्क 'व्यवस्थानिष्ठ दुष्ट' होता. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो 'अराजकी दुष्ट' झाला. एका अक्षावर तो टोकापासून टोकापर्यंत सरकला, तरी त्याच्याशी करावयाचे वर्तन बदलले नाही. जे विशेषण इतके सरकूनही कृती बदलत नाही, ते त्या जीवाचे वर्णन करीत होते असे म्हणणे अवघड आहे. ते खेळाडूला निःशंक करीत होते.

ही निःशंकता कोठे मोडते, हे खेळाच्या मूळ संहितेतच दिसते. गायगॅक्स यांच्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ह्या गाजलेल्या साहसकथानकात कोबोल्ड नावाच्या ठेंगण्या जीवांची गुहा आहे. तेथे माद्या आणि पिल्लेही नोंदवलेली आहेत. पिल्ले हल्ला करीत नाहीत, असे संहिता सांगते.  सामर्थ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच नकार आला आणि त्या नकाराने विशेषणाचा आधार काढून घेतला. गुहा जिंकल्यावर ह्या पिल्लांचे काय करावयाचे, हा वाद खेळणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी घातला आहे.

आता 'राक्षस' ह्या नोंदीकडे वळू. कोशातला राक्षस वाघाच्या मुखाचा आहे. तो मन वाचतो आणि पाहणाऱ्याला जे रूप विश्वासाचे वाटेल ते धारण करतो. मंत्रवलेल्या क्रॉसबो-बाणाने तो तत्काळ मरतो. विश्वासू माणसाचे रूप आणि मंत्रवलेला बाण हे दोन्ही विशेष 1974 साली प्रसारित झालेल्या 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' ह्या अमेरिकी दूरचित्रवाणी-मालिकेतील एका भागात आढळतात, वाल्मीकीकडे त्यांचा शोध घेणे व्यर्थ आहे. परकीयाने आपल्या पुराणाचा विपर्यास केला, ही तक्रार मला येथे गौण वाटते. मर्मस्थानाच्या रचनेतला भेद अधिक मोलाचा आहे. रामायणातला रावण देव, गंधर्व, यक्ष, दानव यांच्याकडून अवध्यत्व मागतो आणि मानवांना तुच्छ लेखून वगळतो. त्याचे मर्म त्याच्या तुच्छतेतून घडले आहे. सामर्थ्याची यादी हीच त्याच्या स्वभावाची साक्ष होते. बाणाने मरणाऱ्या राक्षसाचे मर्म ही केवळ एक माहिती आहे, ती कळली की काम भागते. त्यातून त्याच्याविषयी काहीही कळत नाही.

तिसऱ्या आवृत्तीने प्रवृत्तीपुढे 'नेहमी', 'बहुधा', 'पुष्कळदा' अशी क्रियाविशेषणे जोडली. राक्षसाच्या वाट्याला 'नेहमी' आले. ह्या एका शब्दाने विभीषण अशक्य ठरतो. आपली परंपरा ह्या दोषापासून मुक्त आहे, असे मात्र कोणी समजू नये. जोतीराव फुले यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त अवतारकथा जेत्यांची कथा म्हणून उलटी वाचली. दैत्य ठरवलेला बळी त्यांच्या वाचनात न्यायी राजा होतो, आणि बलिप्रतिपदेला मराठी शेतकऱ्याच्या घरात त्याच्याच राज्याची आठवण निघते. बळीची कृत्ये फुल्यांनी बदलली नाहीत. त्या कृत्यांवर चढवलेला अर्थवाद त्यांनी उतरवला.

हा तर निव्वळ खेळ, त्यात एवढे नैतिक गांभीर्य कशाला, असा आक्षेप येईल. परंतु कादंबरीचा वाचक खून वाचतो, तर येथे खेळणारा 'मी मारतो' असे प्रथमपुरुषी वाक्य उच्चारतो. मेजावर कोणी मरत नाही हे खरे. पण मारण्यापूर्वी कोणता प्रश्न विचारावयाचा आणि कोणता विचारावयाचा नाही, ह्याची सवय तेथे खरोखरच जडते. अधिक गंभीर आक्षेप असा, की मूर्तिमंत दुष्टता ही अद्भुतकथेची गरज आहे. ती काढली तर उरेल केवळ समाजशास्त्र. ह्यात तथ्य आहे. मृताच्या देहात वसणारे पिशाच वा नरकलोकीचा जीव ही दुष्टतेची रूपके म्हणून चालतील. ज्या जीवाला घर, भाषा आणि पिल्ले दिली, त्याला रूपक म्हणून वापरण्याचा अधिकार मात्र लेखकाने स्वतःच गमावलेला असतो.

2020 साली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' ह्या प्रकाशनसंस्थेने ऑर्क आणि ड्राउ यांच्या चित्रणात दुरुस्ती करण्याचे जाहीर केले; 2024 च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये ऑर्क ही खेळाडूने निवडावयाची प्रजाती झाली. ह्यांपैकी दुसरा बदल मला अधिक मोलाचा वाटतो. विशेषण सौम्य करणे म्हणजे अर्थवादाचा सूर बदलणे. ज्या नोंदीत कुऱ्हाड आणि झेप यांखेरीज काहीच नाही, तो जीव 'तटस्थ' म्हटला तरी मेजावर लढण्याखेरीज दुसरे काय करील? खेळाडूच्या हाती आलेल्या ऑर्कला मात्र बोलण्याची, नकार देण्याची, शब्द पाळण्याची आणि मोडण्याची मुभा मिळते. तेव्हा मॉन्स्टर रचणाऱ्याची जबाबदारी तो त्या जीवाला कोणती क्रियापदे देतो ह्यात आहे, आणि सूत्रधाराची जबाबदारी न दिलेली क्रियापदे ओळखण्यात. कोबोल्डांच्या गुहेत एक नकारार्थी क्रियापद लिहिले गेले होते. त्यानंतरचे वाक्य संहितेने लिहिले नाही. ते मेजाभोवती बसलेल्यांना उच्चारावे लागते.