बियाणे आणि परवाना

दाम मोजून घेतलेली वस्तू ‘आपली’ झाली असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात कोणकोणते अधिकार गृहीत धरलेले असतात? पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव भंडारा जिल्ह्याच्या धानाच्या मुलखात आहे. तेथील शेतकऱ्यापुढे हा प्रश्न मांडला, तर उत्तरासाठी त्याला ग्रंथ धुंडाळावे लागणार नाहीत. संकरित नसलेल्या साध्या वाणाचे बी घरात आले की ते तो पेरतो, मळणीनंतर निवडक धान पुढच्या हंगामासाठी राखतो आणि शेजाऱ्याची नड असेल तर त्यालाही देतो. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही हा अधिकार मान्य केला. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकू नये, एवढी मर्यादा मात्र घातली. पेरणे, राखणे, निवडीने सुधारणे आणि देणे या चार गोष्टींनी शेतकऱ्याचे ‘आपले’ पूर्ण होते.

आता संगणकाकडे वळू या. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये राहून सर्व कामे मार्गी लावणारी जी मूलभूत आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. ‘विंडोज’ ही त्यांतील सर्वपरिचित. ती आपण विकत घेतो असे म्हणतो खरे, परंतु कंपनीकडून आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. तिची मूळ संहिता बंद असते. ती उघडून पाहता येत नाही, बदलता येत नाही आणि तिची प्रत मित्राला देता येत नाही. तिचे आयुष्यही बनविणाराच ठरवितो. ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुढील आवृत्तीसाठी लागणाऱ्या अटी न पुरविणारी अनेक धडधाकट यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली.

ही अवस्था ज्यांना मान्य नव्हती, त्यांत रिचर्ड स्टॉलमन हे अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ अग्रणी होते. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरणे, तिचा अभ्यास करून तीत बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि सुधारलेली आवृत्तीही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये त्यांनी पुढे मांडली. १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला, पुढच्याच वर्षी तोही या अटींवर सर्वांना खुला झाला. शेतकऱ्याच्या त्या चार गोष्टी आणि ही चार स्वातंत्र्ये शेजारी ठेवून पाहावीत; नाते सहज ध्यानात येते.

लिनक्स पसंत करणाऱ्यांची कारणे अनेक आहेत. कोणाला जुने यंत्र चालते ठेवायचे असते, कोणाला आपली माहिती कोठे जाते हे कळावेसे वाटते, कोणाला खर्च परवडत नाही. परंतु या सर्वांच्या मुळाशी एक नैतिक पेच आहे. शेजारी आपल्याकडे उपयुक्त आज्ञावलीची प्रत मागतो. दिली तर परवान्यातील करार मोडतो. नाकारली तर शेजारधर्म मोडतो. आपल्याकडे पुष्कळांनी यातून चोरट्या प्रतींची पळवाट काढली आणि त्यात काही वावगे आहे ही जाणीवही हळूहळू बोथट झाली. मुक्त प्रणालीत हा पेच उरत नाही. तेथे शब्द पाळूनही शेजाऱ्याला मदत करता येते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की श्रमाला मोल नको काय? अवश्य हवे. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने घोटाळा केला आहे. मराठीत मात्र ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. लिनक्सवर काम करणारे अनेकजण कंपन्यांचे पगारदार आहेत, आणि मुक्त आज्ञावली पैसे घेऊन विकण्यासही मनाई नाही. दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणूस संहिता वाचतो कोठे? वाचत नाही. पण प्रत्येक शेतकरीही नवे वाण शोधीत नाही. कोणालाही शोधण्याची मोकळीक असते, म्हणून त्याचे फळ सर्वांना मिळते.

परंतु नुसत्या मोकळीकीने न्याय होतोच असे नाही. भंडाऱ्याच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ मध्येच त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या आढळल्या. निवड करीत करीत त्यांनी ‘एचएमटी’ हे बारीक तांदळाचे वाण सिद्ध केले आणि ते हातोहात दूरवर पसरले. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्ध केलेले रूप ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसारित केले. मूळ शोधाचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही खंत दादाजींनी उघड बोलून दाखविली. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना गौरविले, तरीही २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ओढगस्त सुटली नाही. बियाणे मुक्त होते, पण देणाऱ्याच्या नावाला कसलेही संरक्षण नव्हते.

स्टॉलमन यांचा १९८९ चा ‘जीपीएल’ परवाना या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. त्यांनी स्वामित्वहक्काचा कायदा नाकारला नाही. त्याच्याच आधाराने दोन बंधने घातली. कर्त्याच्या हक्काची नोंद पुसू नये, आणि बदललेली आवृत्ती वाटायची असेल तर तिची संहिताही त्याच अटींवर खुली करावी. जे सर्वांचे म्हणून दिले, त्याला पुढे कोणी कुंपण घालू नये, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही नाव राखले म्हणजे ऋण फिटले असे होत नाही. २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या मुक्त आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. जगातील असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता तिच्यावर विसंबून होती, आणि तिची देखभाल मात्र मूठभर माणसे तुटपुंज्या साहाय्यावर करीत होती. मुक्त वस्तू सर्वांची असते, तेव्हा ती कोणीतरी दुसरा सांभाळील असे सर्वांनाच वाटते. म्हणून मुक्त प्रणाली निवडणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. जे घेतले, त्यात मी काय घातले? आढळलेला दोष कळविणे, चार ओळींचे मराठी भाषांतर करून देणे, ऐपतीप्रमाणे देणगी पाठविणे, यांपैकी काहीही चालेल. ज्या शेजाऱ्याने बी दिले, त्याच्या बांधीत रोवणी अडली असता आपण जातोच ना!