पाहण्याची इजाजत

जमिनीवर फिरा आणि डोळे उघडे ठेवून पाहा, असे कुरआन एकदा नव्हे, अनेकदा सांगते. आधी होऊन गेलेल्या कौमांचे काय झाले ते पाहा, निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा. त्याच कुरआनात, सूरह नूरमध्ये, नजर खाली ठेवण्याचाही हुकूम आहे; तोही आधी पुरुषांना आणि मग स्त्रियांना. आपल्याकडे वाअज देणारे हा दुसरा हुकूम तेवढा सांगतात, आणि बहुधा मुलींनाच सांगतात. पहिल्या हुकमाची आठवण आता सहली नेणाऱ्या कंपन्या करून देतात. हे दोन्ही हुकूम एकाच माणसाला, एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर लागू पडले तर त्याने काय करावे, हा माझ्या आजच्या लिहिण्याचा विषय आहे.

आमच्या सोलापुरात मुसलमानाचा प्रवास म्हणजे पूर्वी गुलबर्ग्याला बंदानवाजांचा उरूस, फार तर अजमेर, नाहीतर हैदराबादेतले लग्न. मागावर बसणाऱ्याला सुट्टी म्हणजे मजुरी बुडालेला दिवस. आता त्यांचीच मुले शिक्षक, इंजिनिअर झाली आहेत, काहींनी आखातात वर्षे काढली आहेत. ती बायकामुलांना घेऊन समुद्र पाहायला निघतात तेव्हा मोहल्ल्यात कुणीतरी ‘इसराफ’ हा शब्द काढतोच. मला तो पटत नाही. लग्नाच्या मांडवात तीन दिवसांत जेवढे उडते त्याच्या निम्म्यात चार माणसे अंदमान पाहून येतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना घराबाहेर आईवडिलांशी मोकळेपणाने बोलायला मिळावे, ही काही चैन नव्हे. तेव्हा खर्चाचा मुद्दा मी इथेच सोडतो.

माझ्या मेहुण्याचे कुटुंब असेच अंदमानला गेले. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई आणि तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. बरोबर सोळा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा. मुलाला ज्वालामुखी पाहायचा होता. सोलापूरकराला ही हौस असावी हे मला गमतीचे वाटले, कारण आपण सगळे ज्वालामुखीवरच राहतो. पायाखालचा हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा आहे. भुईकोट त्याचाच, आपली जुनी घरेही त्याचीच. पण मुलाला जिवंत ज्वालामुखी हवा होता. तो भारतात एकच आहे, बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून समुद्रात सुमारे १४० किलोमीटर. दीडशेहून अधिक वर्षे गप्प राहून तो १९९१ मध्ये जागा झाला आणि २०२५ च्या सप्टेंबरातही त्याने राख उडवली. तिथे उतरता येत नाही, जहाजावरून पाहायचे. म्हणून एजंट लोक पर्यटकांना त्याऐवजी बारातांगचा ‘मड व्होल्कॅनो’ दाखवतात. हा खरा ज्वालामुखी नव्हे. जमिनीखाली कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारा वायू चिखलाला वर ढकलतो आणि राखाडी चिखलाचे बुडबुडे फुटत राहतात, एवढेच. पाहून आलेले बहुतेक लोक निराश होतात.

पण बारातांगचा रस्ता जारवांच्या जंगलातून जातो. गाड्या पहाटे तीनला निघतात, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावतात आणि पोलिसांच्या पहाऱ्यात ताफ्याने सोडल्या जातात. थांबायचे नाही, खायला द्यायचे नाही, फोटो काढायचा नाही. जारवा हे काहीशे माणसांचे समाज. १९९७ च्या शेवटापर्यंत ते बाहेरच्यांना बाणांनीच उत्तर देत. त्यानंतर ते निःशस्त्र बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये हा रस्ता राखीव जंगलाच्या भागात बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता चालूच राहिला. जानेवारी २०१२ मध्ये खाण्याच्या बदल्यात जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. पुढच्या जानेवारीत न्यायालयाने पर्यटकांना त्या रस्त्यावर मनाई केली, आणि काही आठवड्यांतच ती उठली. एजंटच्या पत्रकात ‘चुनखडीची गुहा आणि मड व्होल्कॅनो’ एवढेच छापलेले असते. बाकीचे ड्रायव्हर हळूच सांगतो: नशीब असेल तर दिसतील.

आदल्या दिवशी हे कुटुंब राधानगरच्या किनाऱ्यावर होते. मुलगी सलवार-कुर्त्यात, डोक्याला रुमाल बांधून समुद्रात उतरली. आयुष्यात पहिल्यांदा लाटा अंगावर घेत होती. किनाऱ्यावरच्या एका टोळक्याने मोबाईल काढला. ते तिची छेड काढत नव्हते. त्यांना ते दृश्य नवलाचे वाटले, इतकेच. ती बाहेर आली आणि पुन्हा पाण्यात गेली नाही. रात्री बापाने पहाटेच्या गाडीचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अब्बा, मैं नै आती. मेरेकु नक्को वो रस्ता.” पैसे भरलेले होते. बाप रागावला, मुलगा रुसला. शेवटी बापलेक गेले आणि मायलेकी थांबल्या. त्या दोघी सेल्युलर जेलमध्ये गेल्या आणि तिथे भिंतीवरची नावे वाचत दिवस काढला.

परतल्यावर हा वाद माझ्याकडे आला. आमच्यात वडीलधाऱ्याने निवाडा करायचा असतो. मी मुलीच्या बाजूने बोललो. पण बापाचे म्हणणे साधे नव्हते, म्हणून ते नीट मांडले पाहिजे. तो म्हणाला, रस्ता सरकारी आहे. रंगत, मायाबंदर, दिगलीपूरचे लोक त्याच रस्त्याने दवाखान्यात जातात. त्यांना गुन्हेगार म्हणायचे का? आम्ही खिडकी उघडली नाही, मोबाईल बाहेर काढला नाही. मग आमची चूक कोणती?

रंगतच्या माणसाबद्दल तो बरोबर बोलतो. तिकडची वस्ती म्हणजे पूर्व बंगालचे निर्वासित, छोटानागपूरहून आणलेले मजूर अशी गरिबांची आहे. रस्ता त्यांनी आखला नाही. आपल्या फिकहच्या जाणकारांनी माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत: जरूरियात, म्हणजे ज्यावाचून जीव, दीन, अक्कल, वंश आणि माल टिकत नाही, हाजियात, ज्यावाचून जगणे अवघड होते, आणि तहसीनियात, ज्याने जगणे सुंदर होते. प्रसूतीच्या कळा लागलेल्या बाईची गाडी पहिल्या पायरीवर आहे. आमची सहल तिसऱ्या. तिसरी पायरी हराम नव्हे, मी तिचा वकीलच आहे. पण एकाच्या तहसीनसाठी दुसऱ्याच्या जरूरतीवर पाय देता येत नाही, आणि जारवांच्या बाबतीत साधा गोवरसुद्धा जरूरतीचा प्रश्न आहे. गाडी तीच, रस्ता तोच, पण निघताना मनात काय होते त्यावरून कृतीची जात बदलते. नियत हा शब्द आपण नमाजेपुरता ठेवला आहे.

आता नजरेचे. बाप म्हणतो, काच बंद होती. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याच्या हुकमाच्या अगदी आधी दुसऱ्याच्या घराबद्दलचा हुकूम येतो: इजाजत घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय आत जाऊ नका, परत जा म्हटले तर परत जा. हदीसमध्ये दाराच्या फटीतून डोकावणाऱ्याचा प्रसंग आहे आणि पैगंबरांनी तिथे सांगितलेले कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे: इजाजत मागण्याचा नियम केला गेला तो नजरेमुळेच. पाय उंबऱ्याबाहेर असले तरी डोळा आत गेला की माणूस आत गेला. जारवांना दार नाही, भिंत नाही. जंगल हेच घर. मग काच बंद ठेवून घरातून गाडी चालवणे म्हणजे इजाजत झाली का?

जवळच्या नॉर्थ सेंटिनेल बेटावरच्या लोकांनी ‘परत जा’ हे बाणांनी सांगितले आहे, आणि शंभरदा सांगितले आहे. पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० मध्ये तिथून सहा जणांना धरून पोर्ट ब्लेअरला आणले; दोघे म्हातारे मेले, चार मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडले. याच पोर्टमनने पुढे अंदमानींची मापे घेतली, फोटो काढले आणि ते ब्रिटिश म्युझियमसाठी पाठवले. २०१८ च्या नोव्हेंबरात एक अमेरिकन तरुण तिथे धर्मप्रसारासाठी गेला आणि मारला गेला. २०२५ च्या मार्चमध्ये दुसरा एक अमेरिकन किनाऱ्यावर नारळ आणि कोकचा डबा ठेवून आला व पकडला गेला. शास्त्र, धर्म, हौस: तिघांनी तीन कारणे दिली, इजाजत एकानेही घेतली नाही.

धर्माचा उल्लेख आलाच आहे तर भाच्याचा प्रश्न सांगतो. मकतबात जाणारा मुलगा. त्याने विचारले, “मामू, उनको कलमा कौन सिखाया? वो दोजख में जाते क्या?” मला हा प्रश्न बापाच्या प्रश्नापेक्षा मोलाचा वाटला. रसूल पाठवल्याशिवाय कुणाला अजाब नाही, हे कुरआनाचेच सांगणे. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी यावर लिहिले आहे: ज्यांच्यापर्यंत पैगाम पोहोचलाच नाही ते माफ, आणि ज्यांच्यापर्यंत तो विकृत रूपात पोहोचला तेही त्यांच्यातच मोडतात. मी भाच्याला एवढेच विचारले की त्या रस्त्यावरून आजवर आपल्याकडून जारवांपर्यंत काय काय पोहोचले? तो म्हणाला, बिस्किटे. ड्रायव्हरने सांगितले होते, तंबाखूसुद्धा.

तो आणखी एक बोलला. त्याला रस्त्याच्या कडेला एक जारवा मुलगा दिसला होता, साधारण त्याच्याच वयाचा, लाल चड्डीतला. “उसने मेरेकु देखा,” तो म्हणाला. मी दिसलो, असे त्याचे म्हणणे. सूरह हुजुरातमध्ये कबिले आणि कौमा निर्माण करण्याचे कारण ‘एकमेकांची ओळख’ असे दिले आहे. ओळख दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या काचेआडून ती होत नाही, पण त्या मुलाच्या नजरेने भाच्याला निदान गाडीत बसलेला परका केले. पर्यटक म्हणून गेलेल्या पोराला हे कळले, हा त्या सहलीतला एकमेव खरा ज्वालामुखी असे मी मेहुण्याला म्हणालो. त्याला ते आवडले नाही.

सोलापूरच्या माणसाला हे कळायला अंदमानपर्यंत जायला नको. आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पारधी, कैकाडी, भामटा अशांना इथे तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची हजेरी घेतली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नाव मात्र राहिले. याच कायद्याखालचे भांतू १९२६ च्या सुमारास अंदमानात नेऊन वसवले गेले. त्याआधी १९२१ च्या बंडानंतरचे मोपले तिथे गेले. त्यांनी आपल्या गावांना मलबारची नावे दिली. १८५७ नंतर मौलाना फझले हक खैराबादी तिथे कैदेत गेले आणि १८६१ मध्ये तिथेच दफन झाले. म्हणजे आपलीही माणसे त्या बेटांवर पाहण्याची चीज म्हणून नेली गेली होती: मोजलेली, नंबर दिलेली. मुलगी जेलच्या भिंतीसमोर उभी राहून कुर्बान हुसेन यांचे नाव शोधत होती. ते १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, हे तिला आईने सांगितले.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मोहल्ल्यातली आणखी दोन कुटुंबे निघाली आहेत, दोन्हींत मोठी मुले. माझ्याकडे विचारायला आली होती. मी म्हणालो, राधानगरला जा, पोरींना मनसोक्त पाण्यात उतरू द्या आणि कुणी मोबाईल काढला तर पोरींना नव्हे, त्याला बोला. जेल पाहा, मौलानांच्या मजारवर फातेहा पढा. ऐपत असेल आणि जहाज मिळाले तर बॅरन बेट लांबून पाहा. बारातांग सोडा. बारातांग सोडले तर पॅकेजचे पैसे कमी होतात का, असे त्यांतल्या एकाने विचारले. एजंटशी बोलून सांगतो म्हणालो.