काढून टाकलेला थर्मोस्टॅट

जुनी गाडी घाटात तापली की मालवण-कुडाळकडच्या गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो : "थर्मोस्टॅट काढून टाकूया, मगे गाडी तापाची नाय." काम थोडक्यात होतं, खर्च जवळजवळ नाही आणि काटा खरंच खाली येतो. मला पडलेला प्रश्न एवढाच, की याला दुरुस्ती म्हणायचं का?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला छोटा दरवाजा. त्यात मेण असतं. पाणी साधारण 82 ते 88 अंशांपर्यंत तापलं की मेण वितळून फुगतं, दरवाजा उघडतो आणि पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जातं. दरवाजा बंदच अडकून बसला, तर दोष त्याचा. ते तपासणंही सोपं आहे. टोपात पाणी तापवायचं, थर्मोस्टॅट दोरीने आत सोडायचा. पाणी उकळायच्या आत तो उघडायला हवा.

पण बऱ्याचदा तो निर्दोष असतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी वर्षानुवर्षं ओतलं, की रेडिएटरच्या नळ्या क्षाराने आणि गंजाने चोंदतात. मग दरवाजाच काढला तर सपाट रस्त्यावर भागतं, रोग मात्र तसाच राहतो. वर इंजिन हवं तितकं गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं, लवकर झिजतं. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहते आणि गाडी उलट जास्त तापते.

तरीही मी मेकॅनिकला नावं ठेवणार नाही. पर्यटकांना तारकर्लीला नेणारी गाडी ऐन मे महिन्यात चार दिवस उभी राहिली, तर त्या घराने काय करायचं? अडलेल्याला आजचा दिवस काढून देणं हीसुद्धा नीतीच. जुगाड म्हणजे शेजारून आणलेलं उसनं. ते आणण्यात लाज नाही, फक्त परत करायचंय हे लक्षात हवं.

ते विसरलं जातं, तिथे प्रश्न नैतिक होतो. वर्षभराने गाडी विकली जाते. खाली असलेला काटा बघून घेणारा खूश होतो. मग एके दिवशी तो आईवडिलांना बसवून सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढू लागतो आणि वाफ बॉनेटमधून बाहेर येते. हेड गास्केट गेलं, तर खर्च त्याचा. उसनं घेतलं एकाने, फेडतो दुसरा.

"त्याने विचारलंच नाही," असं विकणारा म्हणेल. पण जी वस्तू आत आहे की नाही हेच ठाऊक नाही, तिच्याबद्दल कोण कसं विचारणार? अशा वेळी सांगण्याची जबाबदारी ज्याला माहीत आहे त्याची. त्यासाठी फार काही लागत नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने दोन ओळी लिहाव्यात : थर्मोस्टॅट काढला आहे. रेडिएटरचं काम बाकी.