शेजाऱ्याच्या दारचे बांधलेले जनावर

शास्त्रपाठ : अनुवाद 22:1-4; लूक 13:10-17



मोशेच्या नियमशास्त्रात गुराढोरांविषयी पुष्कळ आज्ञा आहेत. परंतु अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी जी आज्ञा आहे तिच्यात जनावर आपले नाही. बैल भावाचा, मेंढरू भावाचे, वाटेत कोसळलेले गाढवही भावाचेच. बांधला जातो तो मात्र पाहणारा. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात तर ते गाढव वैऱ्याचे आहे. ज्याचे तोंड पाहू नये असे वाटते त्याच्या गाढवाखाली हात घालायचा! अनुवादातील या चार वचनांत मूळ इब्री भाषेतील एकच क्रियापद तीनदा येते. त्याचा अर्थ 'स्वतःला लपवणे' असा आहे. पाहून न पाहिल्यासारखे करण्याची आपली खोड मोशेला चांगलीच ठाऊक होती.

हा विषय निघाला तो हैदराबादच्या हिमायतनगरात राहणाऱ्या एका मराठी भगिनीच्या प्रश्नावरून. त्यांच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक लॅब्रॅडॉर कुत्रा बांधलेला असतो. साखळी हातभर. दुपारचे ऊन सरळ अंगावर येते. पाण्याचे भांडे बहुधा उपडे पडलेले. आरंभी तो येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकत असे. आता भुंकत नाही. "पाळकसाहेब, कुत्रा माझा नाही, घर माझे नाही, त्या लोकांशी माझी ओळखही नाही. मग जेवताना माझ्या घशाखाली घास का उतरत नाही?" घरचे त्यांना हसतात. माणसे रस्त्यावर उपाशी झोपतात आणि हिला कुत्र्याचे रडू येते, म्हणतात.

हिमायतनगर ही वस्ती सातव्या निजामाचे थोरले पुत्र हिमायत अली खान यांच्या नावाची. पूर्वी येथे आवार असलेले बंगले होते, आणि कुत्रा दिवसभर आवारात हिंडे. आता बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या, आवार गेले, कुत्रा मात्र गॅलरीत आला. मे महिन्यात हैदराबादचा पारा 40 अंशांच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून अंग निववतो, आणि त्याकरिता त्याला पाणी लागते. हे न जाणता पुष्कळांनी हौसेने कुत्री आणली. 2020 च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या मुलांसाठी आणलेली पिले शाळा आणि कचेऱ्या उघडल्यावर एकटी पडली. कोठे मुलगा अमेरिकेला गेला आणि त्याचा कुत्रा म्हाताऱ्या आईबापांकडे राहिला.

त्या भगिनीचे दुःख वेडेपणाचे आहे काय? योनाच्या पुस्तकाची शेवटची ओळ काढून पाहा. निनवेची दया का येऊ नये, असे देव विचारतो तेव्हा तो एक लाख वीस हजार माणसे मोजतो, आणि त्यानंतर गुरेढोरेही सांगतो. पुस्तक तेथेच संपते. निनवेकर तर परके होते, त्यांची गुरे त्याहून परकी. तेव्हा हसणाऱ्यांनी थोडे जपून हसावे.

तरी या दुःखात एक धोका आहे, आणि तो दावीद राजाच्या गोष्टीत दिसतो. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या उराशी निजे. दुसऱ्याच्या लाडक्या जनावरासाठी दावीद इतका संतापला की तो त्या श्रीमंताला मरणदंडच देऊ लागला. राग खरा होता, आणि उरीयाच्या घराकडे त्याने वळूनही पाहिले नव्हते. परक्याच्या जनावराविषयी रागावणे स्वस्त पडते. आजकाल गॅलरीतल्या कुत्र्याचा फोटो काढून इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, खाली पंचवीस जण हळहळतात, आणि संध्याकाळपर्यंत भांड्यात पाण्याचा थेंब पडलेला नसतो. मला वाटते, हादेखील स्वतःला लपवण्याचाच एक प्रकार आहे.

लंडनमधील आर्थर ब्रूम नावाच्या पाळकाने असे केले नाही. 1824 साली त्यांनी विल्यम विल्बरफोर्स आदी मंडळींबरोबर प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी संस्था स्थापली आणि तिच्यासाठी आपले मंडळीतील काम सोडले. 1826 मध्ये संस्थेच्या कर्जापायी त्यांना तुरुंगात जावे लागले. दुसऱ्यांच्या घोड्यागाढवांसाठी!

आता लूकाचा तेरावा अध्याय पाहू. अठरा वर्षे वाकलेल्या बाईला प्रभूने शब्बाथ दिवशी बरे केले, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी चिडला. प्रभूने उत्तर कोठून काढले? गोठ्यातून. तुमच्यापैकी प्रत्येक जण शब्बाथ दिवशी बैल सोडून पाण्यावर नेतोच ना, असे त्याने विचारले. कडक परूशीही बांधलेले जनावर तहानलेले ठेवत नसे, हे त्याने गृहीत धरले. त्या बैलावरून मग तो त्या बाईकडे वळला, कारण तीही बांधलेलीच होती.

म्हणून त्या भगिनीला मी म्हटले, साखळी कोठे अडकवली आहे ते जाऊन पाहा. दाराची घंटा वाजवा. दार उघडणारी म्हातारी गुडघ्यांनी अधू असेल. तिला जिना उतरवत नाही, मग कुत्र्याला फिरवणार कोण? कोणी नवराबायको पहाटे कामाला जाऊन रात्री परतत असतील. कोणी सरळ उर्मटपणे "आमचे आम्ही पाहू" म्हणून दार लावील. तोही दिवस धरून चला. रात्री साखळी तोडून कुत्रा न्यावा असे एका तरुणाने सुचवले. त्याचा जीव कळवळला हे चांगले, पण आठवी आज्ञा तेथे उभी आहे. शिवाय अनुवादात भावाचे गाढव उठवायचे ते भावाबरोबर, त्याला मदत करून. भटकलेले जनावर घरी नेले तरी ते धन्यासाठी राखून ठेवायचे.

दोनतीनदा गेल्यावरही कोणी ऐकत नसेल आणि जनावर मरणाला टेकले असेल, तर कायद्याकडे जाण्यात पाप नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि 1960 साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात फार आखूड साखळीने दीर्घकाळ बांधणे, सदा बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे आणि अन्नपाणी व निवारा न देणे हे गुन्हे सांगितले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये ठेवला आहे. एवढ्याने कोण भिणार! तरी तक्रार झाली की कोणीतरी पाहायला येते. आजारी जनावरासाठी नारायणगुड्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि 1992 पासून हैदराबादेत ब्लू क्रॉस ही संस्था काम करते.

पण बहुतेक घरी कायद्याची गरज पडू नये. "आजी, याला अर्धा तास मी फिरवून आणू का?" एवढे विचारणारे कोणी हवे असते. आपल्या तरुण संघातील मुलांना हे काम सहज जमेल. परवानगी मिळाली तर पहिले काही दिवस घरच्या माणसाच्या देखतच पट्टा धरावा. बांधून राहिलेले जनावर भिऊन चावूही शकते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळून रस्ता निवल्यावर न्यावे. डांबर तापलेले असते, आणि महिनोन्महिने फरशीवर बसून त्याचे तळवे मऊ पडलेले असतात.