मध्ये कुणी नको

आमच्या घरात 'संत' हा शब्द जपून वापरला जाई. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्या नावाआधी तो चालायचा, ते शाळेच्या पुस्तकातच होतं. पण पौल, पेत्र, योहान यांच्या नावाला दादा तो लावू देत नसत. "प्रेषित म्हण," म्हणायचे. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात 'पवित्र जन' असा शब्द येतो. पौलाने पत्रात करिंथच्या मंडळीला तो वापरलाय. ती माणसं जिवंत होती, एकमेकांशी भांडत होती, कोर्टकचेऱ्या करत होती, तरी पवित्र जन. एकदा मी विचारलं, "मग आपण पण?" दादा म्हणाले, "आपण पण. तू सोडून."

आम्ही मूळचे नगरकडचे. अमेरिकन मराठी मिशनच्या वेळी आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे प्रॉटेस्टंट. दादांची शिक्षकाची नोकरी आम्हाला रेवदंड्याला घेऊन आली. आमची मंडळी तिथे नव्हती. रविवारी घरातच चटई टाकून प्रार्थना व्हायची. बाकी रेवदंडा म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत पडलेला पोर्तुगीजांचा कोट. 1521 साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर बादशहासमोर उभा राहून 'माघार घेणार नाही' म्हणत होता, त्याच सुमाराला इकडे चौलला पोर्तुगीजांनी हातपाय पसरायला सुरुवात केली होती. ल्यूथरने ज्या गोष्टी नाकारल्या, त्या सगळ्या जहाजातून इथे उतरल्या. 1740 साली कोट मराठ्यांकडे आला आणि देवळं पडली. सातखणी म्हणतात तो मनोरा उभा राहिला, तोही अर्धामुर्धा. खाडीपलीकडे मात्र कोर्लईला गडाच्या पायथ्याशी कॅथलिकांचं गाव टिकलं. ते घरात पोर्तुगीज मिसळीची आपली बोली बोलतात आणि बाजारात आमच्यासारखं मराठी. माउंट कार्मेलच्या मातेचं त्यांचं देऊळ आहे. तिचा सण 16 जुलैला, ऐन लावणीच्या चिखलात.

चौलच्या डोंगरावर दत्त. अलिबागजवळ सागावच्या खडकावर बेने इस्राएल लोकांचा एलियाहू हनाबी. मूर्तीला कधी हात न जोडणारे ते लोक, पण अडचणीत त्या संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचं ताट मांडायचे. सगळ्या किनाऱ्याला कुणी ना कुणी मधलं माणूस होतं. आम्हालाच नव्हतं.

लहानपणी मला वाटे, आमचा धर्म जरा कोरडा आहे. जत्रा नाही, नवस नाही, मिरवणूक नाही. त्याचं कारण पुढे कळलं, आणि ते पुस्तकातून नाही कळलं. आजोबांच्या पिढीने देवळाच्या पायरीखालून नमस्कार केलेला होता. मधे पुजारी, मधे बडवे, मधे गावकी. पंढरपूरचं देऊळ आमच्या लोकांना उघडायला 1947 साली साने गुरुजींना उपाशी बसावं लागलं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीशी आहे. दादा म्हणायचे, "आपला माणूस संत झाला, तरी बाहेरच राहिला. मग आपण संत धरून आत कसं जाणार?" शास्त्रात देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितलाय, ख्रिस्त. पंडितांसाठी तो सिद्धांत असेल. आजोबांसाठी तो उघडा दरवाजा होता. दरवाजा उघडा सापडल्यावर माणूस पुन्हा दाराशी कुणाला बसवत नाही.

गंमत अशी की ल्यूथर स्वतः नवसाचं पोर. 1505 साली वकिलीचं शिक्षण घेत असताना वाटेत वीज कडाडली आणि त्याने हाक मारली ती संत अ‍ॅनाला, मरियेच्या आईला. वाचव, मी साधू होतो. वाचला, आणि नवस फेडून मठात गेला. पुढे त्याच माणसाने नवसाचं दुकान बंद केलं. तरी त्याच्या लोकांनी 1530 मध्ये आपल्या विश्वासाचं जाहीर निवेदन दिलं, त्यात संतांना हाकलून दिलेलं नाही. त्यांची आठवण ठेवा, त्यांच्यासारखं चाला, एवढं आहे. फक्त त्यांच्याकडे मागू नका. कॅथलिकांनी 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उलट ठरवलं, की संतांना विनंती करणं चांगलं आणि उपयोगाचं. आराधना देवाचीच, संतांना मान. हा फरक त्यांची शाणी माणसं नीट पाळतात, आणि आमचे लोक त्यांना सरसकट मूर्तिपूजक म्हणून मोकळे होतात. ते मला पटत नाही.

आमच्याकडे कोर्लईची एक मावशी भाजी घेऊन यायची. साळावचा पूल तेव्हा नव्हता, तरीतून खाडी ओलांडून यायची. आमच्या भिंतीवर रेव्हरंड टिळकांचा फोटो होता. हार नसे त्याला, पण धूळही नसे. मावशी पाटी उतरवता उतरवता विचारायची, "ह्यो कोन संत तुमचा, मास्तर?" दादा चिडायचे नाहीत. सांगायचे, हे कवी. आणि हेही सांगायचे की हे तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, असं स्वतःच म्हणत. मावशी म्हणायची, "मंग पूल लागतोच की."

धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आमच्या घरातलं एक पोर, माझी बहीण, त्याच्याआधी तापानेच गेलेली. दादा रात्रभर कॉटजवळ डोळे मिटून बसायचे. डॉक्टरांच्या कॅप्सुल चालू होत्या. तिसऱ्या आठवड्यात मावशी आली, पोराच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "मी मोत माउलीला बोलले. मेणाचं पोर वाहीन." मोत माउली म्हणजे बांद्र्याची माउंट मेरी.

ती गेल्यावर दादा आईला म्हणाले, "आपल्याला त्याची गरज नाही. आपलं गाऱ्हाणं थेट जातं." आई कधी वाद घालत नसे. त्या दिवशी म्हणाली, "जातं हो. पण तिनं आपलं पोर मरताना बघितलंय. तिला सांगावं लागत नाही."

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बापानंही बघितलंय."

संतांविषयी पुढे मी पुष्कळ वाचलं, दोन्ही बाजूंचं. या दोन वाक्यांच्या पलीकडे फारसं काही सापडलं नाही. आईला सोबत हवी होती, साहेबाकडे वशिला नको होता. आणि दादांचं म्हणणं असं, की देवाला आपल्या दुःखाची ओळख करून द्यायला तिसरं माणूस लागतं असं धरलं, तर आपण देवालाच कठोर ठरवतो. मामलेदार भला असेल तर कारकुनाला कशाला गाठायचं? माझं मन दादांकडे जातं. पण मावशीच्या लेखी मरिया कारकून नव्हतीच. ती सोयरी होती. सोयऱ्याला बोलावताना कुणी त्याचा हुद्दा बघतं का?

भाऊ उठला. सप्टेंबरात बांद्र्याची जत्रा लागली तशी मावशी निघाली. दादांनी सांगितलं, "आम्ही नवस बोललेलो नाही." ती म्हणाली, "नवस माझा हाय, मास्तर. पोरगा तुमचा." दादांनी पैसे दिले नाहीत, तिनेही मागितले नाहीत. आईने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली. "ही नवसाला नाही, बाईला," असं दादांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाली.

एक प्रश्न मात्र मला अजून छळतो. रविवारी आमच्या चर्चमध्ये आजाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचतात, सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. ती मध्यस्थी नव्हे का? आहे, पण जिवंतांची. मावशी शेवटच्या दुखण्यात दादांना म्हणाली, "माझ्यासाठी बोला तुमच्या देवाशी." दादा खाटेशी बसून बोलले. मंगळवारी तीही आमच्यासाठी बोलू शकत होती, तशी आम्ही विनंती करू शकत होतो. बुधवारी पहाटे ती गेली. एका रात्रीत काय बदललं? ती ख्रिस्तात जिवंत आहे असं आम्हीही मानतो. आमचं उत्तर एवढंच, की गेलेल्यांना आपली हाक ऐकू जाते असं शास्त्र सांगत नाही, आणि सांगितलेलं नाही तिथे आपण बांधकाम करू नये. हे उत्तर प्रामाणिक आहे. मी तेच धरून चालतो. पण रात्री ते थंड लागतं, हेही खरं.

मावशीच्या मातीला दादा आणि मी गेलो. देवळातून दफनभूमीकडे जाताना पाद्री संतांची नावं घेत होते आणि प्रत्येक नावानंतर सगळं गाव एकसुरात विनवणी करत होतं. कोळी होते, आगरी होते, त्यांचेही ओठ हलत होते. दादा टोपी हातात घेऊन, तोंड मिटून शेवटपर्यंत चालले. मूठभर माती टाकली.

परतताना, नव्या पुलावर, दादा म्हणाले, "एवढी नावं घेतली. बाईचं नाही घेतलं."

"दादा, ती संत कुठं होती?"

"पौलाला विचार," दादा म्हणाले, आणि टोपी डोक्यावर घातली, वारं फार होतं.