पाच वाजेपर्यंत बाजारात

वाचनाचा भाग : मत्तय 20:1-16



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धनी पहाटे मजूर ठरविण्यास बाहेर पडतो. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि शेवटी दिवस कलल्यावर पाच वाजता तो पुन्हा बाजारात जातो. तेथे अजून काही माणसे उभीच असतात. दिवसभर रिकामे का, असे तो विचारतो. ती सांगतात की, आम्हांला कोणी बोलावलेच नाही.

या दाखल्यावरून देवाच्या कृपेविषयी आम्ही पुष्कळदा बोललो. परंतु पाच वाजेपर्यंत उभी राहिलेली ती माणसे कोण, याचा विचार आम्ही केला नव्हता. तो एका आईने करावयास लावला.

तिचा मुलगा आमच्या शब्बाथशाळेत वाढला. तो बोलतो थोडे. नजरेला नजर देत नाही. मोठा आवाज झाला की कान झाकतो. परंतु कोणते गीत कितव्या क्रमांकाचे, हे त्याला तोंडपाठ! आम्ही त्याला मागच्या बाकावर बसविले, प्रेमाने वागविले, नाताळात खाऊ दिला आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा आई म्हणाली, "पाळकसाहेब, शाळा संपली. आता रोज सकाळी उठून यानं जायचं कुठं?" आम्हांस उत्तर देता आले नाही. इतक्या वर्षांत आम्ही त्याच्या हाती एकही काम दिले नव्हते.

अशा मुलांना मराठीत स्वमग्न म्हणतात. स्वमग्नता हा शाप नव्हे, आणि आईबापांच्या पापाचे फळ तर नव्हेच. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने ती समजूत खोडून काढली (योहान 9). या मुलांच्या मेंदूची घडणच निराळी असते. सर्व सारखी नसतात. कोणी पुष्कळ शिकतो, तर कोणाला जन्मभर आधार लागतो. पण काहीतरी उपयोगाचे आपल्या हातून घडावे, ही भूक त्यांनाही असते.

आपल्या बिदरचेच उदाहरण घ्या. बिदरी भांडे करताना जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात, कानशीने घासतात, नक्षी कोरतात, कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर लावले की जस्त काळे पडते आणि चांदी उजळ राहते. ओतणारा, कोरणारा, तार बसविणारा हे बहुधा वेगवेगळे असतात. सगळे येत नाही म्हणून त्यांपैकी कोणाला कोणी निकामी म्हणत नाही. प्रत्येक स्वमग्न मुलाला बिदरी शिकवा, असे आमचे म्हणणे नाही. एखाद्याला हातोडीचा आवाजच सोसणार नाही. पण मोठे काम लहान लहान टप्प्यांत वाटता येते, हा धडा या कारागिरांपासून घेता येईल.

असे झालेलेही आहे. मुंबईत जुहू येथे 2018 साली यश चॅरिटेबल ट्रस्टने कॅफे अर्पण नावाचे उपाहारगृह उघडले, ते स्वमग्न व बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांना काम मिळावे म्हणूनच. सरकारनेही 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश केला. शासकीय नोकऱ्यांतील 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व अशा गटांसाठी मिळून आहे. परंतु सरकारी जागा किती निघणार, आणि भालकी, औराद, आळंदच्या मुलांपर्यंत किती पोहोचणार? आपल्याकडे काम मिळते ते ओळखीच्या माणसाकडे. कोणाची डाळ मिल आहे, कोणाचे दुकान आहे, कोणी दवाखान्यात आहे, कोणी शिलाई करतो. म्हणजे धनी दूर कोठे नाही, धनी आपणच आहोत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आरंभ तुमच्यापासून होऊ द्या. मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की त्याला दर रविवारी एकच काम द्या : गीतपुस्तके मांडणे, चटया घालणे, दानाची पाकिटे मोजणे. आधी स्वतः करून दाखवा. कामाच्या पायऱ्यांची चित्रे काढून भिंतीवर लावा. सूचना थोडक्या शब्दांत, आणि घरी मराठी असो की कानडी, त्याला कळणाऱ्या भाषेत द्या. वेळ किंवा जागा बदलणार असेल तर आधी सांगा. गोंगाटाने तो गांगरला तर रागावू नका, त्याला शांत जागी बसू द्या. मग एखाद्या सभासदाच्या दुकानात आठवड्यातून दोन तास त्याला न्या, आणि सुरुवातीस स्वतः सोबत राहा.

आणि दाखल्याचा शेवट विसरू नका. धन्याने उशिरा आलेल्यांना भीक घातली नाही, त्याने त्यांना मजुरी दिली, आणि तीही पूर्ण. काम करवून घेऊन चहा-बिस्किटावर बोळवण करणे ही दया नव्हे. जो हात मळ्यात राबतो, त्यावर दाम पडलाच पाहिजे.

तो मुलगा आता आमच्या मंडळीत गीतफलकावर क्रमांक लावतो. अजून एकही क्रमांक चुकलेला नाही. हे काम थोडे आहे, आणि उशिराही दिले गेले. त्याच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर अजून अर्धेच झाले आहे. परंतु पाच वाजता का होईना, धनी बाजारात गेला होता. आपणही निघू या.

प्रभू आम्हां सर्वांना उठून बाहेर पडण्याची बुद्धी देवो. आमेन.