फेझंट गेला कुठे?

रुमेनियन माणूस धीर एकवटतो तेव्हा तो ‘काळीज दातांत धरतो’. बुखारेस्टमधला कारकून साहेबाकडे रजा मागायला जातानाही हेच म्हणेल, आणि त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे ना काळीज असते ना दात. आपल्या पोटात कावळे ओरडतात तेव्हा आपल्याला तरी कावळा कुठे दिसतो? पण हाच वाक्प्रचार जसाच्या तसा इंग्रजीत नेला की निजलेली प्रतिमा खडबडून जागी होते. कारकून कवी ठरतो आणि समीक्षक पूर्व युरोपच्या रांगड्या कल्पनाशक्तीचे कौतुक करायला मोकळा होतो. मूळ लेखकाने तिथे विशेष काही केलेलेच नसते. शब्दाला शब्द ठेवणे म्हणजे मुळाशी इमान राखणे, हा समज म्हणूनच मला पटत नाही.

एकोणिसाव्या शतकातला रुमेनियन लेखक इयोन क्रेआंगा हा मोल्दाव्हियातल्या हुमुलेश्ती गावचा. त्याच्या ‘बालपणीच्या आठवणीं’त तो पावलोपावली ‘वोर्बा चेया’, म्हणजे ‘म्हणतात ना’, असे म्हणून एखादी म्हण सोडून देतो. अशा गद्यात चित्रापेक्षा नाद मोठा असतो. राईचा पर्वत करणे याला रुमेनियन लोक ‘डासाचा घोडा करणे’ म्हणतात. डास म्हणजे ‘त्सिंत्सार’ आणि वळू घोडा म्हणजे ‘अर्मसार’, तेव्हा हा घोडा यमकाचा हात धरूनच आलेला दिसतो. इंग्रजीत चिचुंदरीसारख्या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाचा डोंगर होतो, आणि ‘मोलहिल’ व ‘माउंटन’ या दोन्ही शब्दांचा आरंभ ‘म’ने होतो. घोडा गेला तरी नाद राहिला. इथे मी घोड्यासाठी हट्ट धरणार नाही. (आपल्या राईला आणि पर्वताला तेवढाही नाद नाही.)

पण लेखकानेच निजलेल्या प्रतिमेला हलवून उठवले असेल तर? लेखिका हेर्टा म्युलर रुमेनियाच्या बानात प्रांतातल्या जर्मन वस्तीत वाढली. घरची भाषा जर्मन, रुमेनियन मागाहून आलेली. जर्मनमध्ये फेझंट हा लांब शेपटीचा पक्षी बढाईखोर माणसाची आठवण देतो. रुमेनियनमध्ये तोच पक्षी हरलेला: जड अंगाचा, धड उडता न येणारा, शिकाऱ्याच्या हाती सहज लागणारा. १९८६ साली तिने आपल्या जर्मन पुस्तकाला रुमेनियन म्हणच शीर्षक म्हणून दिली: ‘माणूस म्हणजे जगातला एक मोठा फेझंट’. शब्द जर्मन, पक्षी रुमेनियन. मातृभाषेच्या वाचकालाही तिने असे अडखळवले.

गोष्ट आहे विंडिश नावाच्या गिरणीवाल्याची. देश सोडून पश्चिम जर्मनीत जायची परवानगी मिळावी म्हणून तो पिठाची पोती पोचवत राहतो. १९८९च्या इंग्रजी आवृत्तीचे नाव झाले ‘द पासपोर्ट’. नाव सुटसुटीत आहे, कथानकाला धरून आहे, दुकानात विचारायलाही सोपे. पण विंडिशला काय हवे एवढेच ते सांगते. तो कोण आहे, उडू पाहणारा पण जमिनीवरच धरला जाणारा, हे सांगणारा पक्षी मुखपृष्ठावरून उडाला. इंग्रजी वाचकाच्या कानाला फेझंट खटकला असता हे खरे. तो जर्मन वाचकालाही खटकावा, हाच तर लेखिकेचा डाव होता.

तिच्या १९९४च्या ‘हेर्त्सटिअर’ या कादंबरीचे नाव ‘हृदय’ आणि ‘प्राणी’ जोडून घडवलेले. त्यामागेही रुमेनियन श्लेष आहे: ‘इनिमा’ म्हणजे हृदय, त्यात ‘अनिमाल’ मिसळला की ‘इनिमाल’. मायकेल हॉफमनच्या इंग्रजी भाषांतराचे शीर्षक मात्र ‘द लँड ऑफ ग्रीन प्लम्स’. इथेही नाव बदललेच, तरी माझी तक्रार मवाळ होते. हिरवी आलुबुखारे पुस्तकातलीच आहेत. हुकूमशाहीचे पहारेकरी ती खिसे भरभरून खातात, आणि ‘आलुबुखारे खाणारा’ ही तिथे लाचार माणसाला दिलेली शिवी आहे. एक प्रतिमा आत राहिली, तिच्या जागी त्याच घरातली दुसरी दारात आली. ‘द पासपोर्ट’च्या वेळी दारात कागद आला.